हात चांगला होता

हाताने काही करायला घेतलं की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. दोनदा मोजा, एकदा कापा. घाई करू नका. आधी छोटा नमुना करून बघा. चांगली हत्यारं घ्या. भरतकाम असो, मातीकाम असो नाहीतर कागदाचे आकाशकंदील असोत, सगळीकडे यादी थोड्याफार फरकाने हीच. यातलं काहीच खोटं नाही. पण मला नेहमी वाटतं की हे सगळे सल्ले काम सुरू झाल्यापासून ते संपेपर्यंतचे आहेत. जणू चूक होते ती त्या दोन-चार तासांतच, आणि तिथे सावध राहिलं की झालं!

प्रत्यक्षात तसं नसतं. कुंभाराचं मडकं भट्टीत तडकतं, पण त्याचं कारण बरेचदा माती मळताना आत राहिलेल्या खड्यात असतं. रंग धुताना उतरतो, पण चूक रंगवण्याआधी कापडातली खळ नीट न काढल्याची असते. म्हणजे चूक होते एकीकडे आणि दिसते भलतीकडेच. आणि दिसते तेव्हा जो समोर असतो, त्याच्या नावावर ती जमा होते.

हे मला कळलं ते बांबूमुळे. माझं सासर गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक लहान गाव. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही कधीकधी 'आपला भंडारा जिल्हा' असंच येतं. धान, तलाव आणि जंगल, या तीन गोष्टींवर उभा असलेला हा भाग. आणि धान म्हटलं की बांबू आलाच. पाखडायला सूप, वाहून न्यायला टोपली, साठवायला ढोली, कुडाला आणि आडोशाला तट्ट्या, कोंबड्या झाकायला डालगं. लग्नात सूप-टोपलीशिवाय चालत नाही. हे सगळं बनवणारे बुरूड. बाजाराच्या दिवशी एका कडेला सुपांची चळत लावून बसलेली त्यांची माणसं लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. बघते म्हणजे नुसतं बघतच होते. सूप घेताना जास्तीत जास्त काय, तर उजेडाकडे धरून फटी बघायच्या, कणी खाली गळेल का एवढा अंदाज घ्यायचा आणि दहा रुपये कमी करायला सांगायचं!

बांबू तसा फार चमत्कारिक. झाडासारखा दिसतो, पण आहे गवत. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतात, आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी आवडीने खातात. भाजीतून वाचलेला वास्ता त्याच एका हंगामात, दोन-तीन महिन्यांत, आपली पूर्ण उंची गाठतो. जाडी तर तो जमिनीतून घेऊनच येतो, पुढे कधीच वाढत नाही. म्हणजे चार महिन्यांचा बांबू आणि चार वर्षांचा बांबू लांबून अगदी सारखेच दिसतात. फरक असतो तो आत. पहिल्या वर्षी तो पाण्याने भरलेला, मऊ असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत भिंत कठीण होत जाते. आमच्या जंगलात जास्त करून मानवेल जातीचा बांबू, भरीव म्हणावा इतका जाड भिंतीचा. तो पक्का व्हायला साधारण तीन वर्षं लागतात.

आणि त्याच्या आत असतो स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश. घुणाला तोच हवा असतो. बांबूची बाहेरची साल गुळगुळीत आणि कठीण, तिथून हा बारीक भुंगा सहसा शिरत नाही. तो कापलेल्या टोकातून आणि आतल्या मऊ बाजूने शिरतो. आत शिरून पोखरतो, आणि आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते फक्त खाली सांडलेलं पिवळट पीठ.

हे सगळं आज मी एखाद्या मास्तरणीसारखं सांगते आहे, पण चार-पाच वर्षांपूर्वी यातलं अक्षरही मला माहीत नव्हतं. माझ्या मोठ्या जाऊबाई गावात बचत गट चालवतात. त्यांच्या गटाला एका संस्थेने दहा दिवसांचं बांबूकामाचं प्रशिक्षण दिलं. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. प्रशिक्षण ऑगस्टमध्ये झालं, कारण कागदोपत्री ते तेव्हाच बसत होतं. बांबू आला कुणाच्यातरी शेताच्या धुऱ्यावरच्या बेटातून. बायका हुशार. धानाची रोवणी करणारी बोटं ती, त्यांना पट्टी ओवायला किती वेळ लागणार? आठव्या दिवशी त्या सुंदर लॅम्पशेड करायला लागल्या. दिवाळीच्या आधी मोठ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी चाळीस शेड गेल्या. आम्ही सगळ्यांनी फोटो बघितले, कौतुक केलं. विकत घेणाऱ्यानेही फोन करून छान झाल्यात म्हणून सांगितलं.

संक्रांतीच्या सुमाराला एक खोकं परत आलं. बावीस शेड. वर चिठ्ठी की माल निकृष्ट आहे, उरलेले पैसे देता येणार नाहीत. खोकं उघडलं तर तळाशी पिठाचा थर. काही शेडवर काळपट बुरशीचे डाग, दोन-तीन तर हात लावताच सैल होऊन हातात आल्या.

पैशाचं दुःख होतंच. कुणी त्या भरवशावर मुलीची फी भरायची ठरवलं होतं, कुणी दुकानातली उधारी. पण मला जास्त लागलं ते त्यानंतरचं बोलणं. बायका संस्थेला दोष देत नव्हत्या, विकत घेणाऱ्यालाही नाही. त्या म्हणत होत्या, आपल्याला जमलं नाही. एक जण तर म्हणाली, "आपला हातच तसा नाही जी ताई. हे बुरडाचं काम, आपल्याले कसं येईन?" आणि गट बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या.

जाऊबाई हट्टी आहेत. त्यांनी त्यातल्या दोन शेड पिशवीत घातल्या आणि बाजारात सूप विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबाजींपुढे नेऊन ठेवल्या. मी त्या दिवशी सोबत होते. बाबाजींनी शेड हातात घेतली, फिरवली, वीण बोटाने दाबून बघितली. मग एक पट्टी उपसून काढली, नखाने आतली बाजू खरवडली आणि वाकवली. काही वेळ बोललेच नाहीत. आम्हाला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, "हात चांगला आहे जी बाई. बांबूच कोवळा होता, तं हात का करन?"

त्या एका वाक्याने गट वाचला, असं मी म्हणणार नाही. पण बायकांच्या अंगावरचं ओझं मात्र उतरलं. त्यानंतर जाऊबाई वरचेवर बाबाजींकडे जाऊन बसू लागल्या, आणि मी गावी गेले की मीही.

चाळीस शेडचं काय बिघडलं ते आम्हाला असं हळूहळू, उलट्या क्रमाने कळत गेलं.

पहिलं म्हणजे वय. त्या वर्षीच्या कोवळ्या बांबूवर पांढरट भुकटीसारखा थर असतो, बुडाशी कोंबाची सुकलेली पानं चिकटलेली असतात, रंग कोवळा हिरवा. पिकलेला बांबू मळकट, पिवळसर होतो, अंगावर बुरशीचे पांढरे-करडे ठिपके धरतो आणि कोयत्याच्या मुठीने वाजवला तर खणखणीत वाजतो. प्रशिक्षणात आलेला बांबू बेटाच्या कडेचा, हाताशी येणारा आणि तोडायला सोपा होता. नवीन कोंब बहुधा कडेलाच येतात. जुना बांबू बेटाच्या आत, फांद्यांच्या जाळीत. तिथे शिरायचे कष्ट कोण घेणार?

दुसरा हंगाम. भर पावसाळ्यात बांबू तोडायचा नाही. एक तर नवे वास्ते तुडवले जातात, बेटाचं पुढच्या वर्षांचं नुकसान होतं. आणि दुसरं, दमट हवेत तो वाळत नाही, बुरशी धरते. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत.

तिसरं वाळवणं. तोडलेला बांबू सावलीत, उभा, हवा खेळेल असा ठेवायचा. कडक उन्हात टाकला तर तडकतो. काही लोक तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, त्याने आतला गोडवा आणि पीठ निघून जातं आणि घुणाला खायला फारसं उरत नाही. तलावांच्या जिल्ह्यात त्याला काही पैसे पडत नाहीत! हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातही बुडवतात, त्याचा उपयोग होतो. मात्र सूप-टोपलीसारख्या धान्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंना ते लावू नये, आणि पावसात राहणाऱ्या वस्तूतून ते धुऊन निघून जातं.

चौथी गोष्ट चिरण्याची. ही मला सगळ्यांत आवडते. बांबू उभा चिरताना चीर मध्येच एका बाजूला पळायला लागते, एक भाग जाड आणि एक बारीक होत जातो. नवशिका घाबरून कोयता जोरात दाबतो, आणि पट्टी तुटते. बाबाजी कोयत्याला हातही लावत नाहीत. जो भाग जाड राहिलाय तो जरा जास्त वाकवतात, की चीर आपोआप परत मधे येते. जास्त जोर नाही, फक्त जोर कुठे लावायचा त्याची जागा बदलायची. जपानी कारागिरांत म्हणे एक म्हण आहे की लाकूड बुडाकडून फाडावं आणि बांबू शेंड्याकडून. प्रत्येक वस्तूला आपलं तोंड कोणतं ते ठरलेलं असतं, हातांनी ते शोधायचं असतं.

पाचवं, वीण. ओली पट्टी वळते छान, पण सुकली की अंग चोरते, आणि घट्ट दिसणारी वीण महिन्याभरात सैल पडते. म्हणून विणून झाल्यावर वस्तू तशीच ठेवून सुकू द्यायची, मग ओळी पुन्हा ठोकून बसवायच्या, आणि त्यानंतरच वरचा काठ बांधायचा. दहा दिवसांच्या प्रशिक्षणात या 'तशीच ठेवून'ला जागाच नव्हती. नवव्या दिवशी काठ बांधला, दहाव्या दिवशी फोटो.

आणि सहावं, वरचा थाट. बांबूच्या गुळगुळीत सालीवर फेविकॉल नीट धरत नाही, रंगही बसत नाही. जिथे चिकटवायचं तिथली साल आधी खरवडून काढावी लागते. आणि आत ओल असताना वरून वॉर्निश मारलं तर ओल आतच कोंडते. आमच्या शेडवर मारलं होतं. चमक हवी म्हणून.

आता बघा, या सहा गोष्टींपैकी बायकांच्या हातात किती होत्या? वय, हंगाम, वाळवणं या पहिल्या तीन त्यांनी बांबूला हात लावण्याआधीच घडून गेल्या होत्या. चिरण्यात त्या चांगल्याच होत्या. उरलेल्या दोन गोष्टींना वेळ हवा होता, तो त्यांना दिला गेला नाही. आणि तरी 'आपला हात तसा नाही' हा निष्कर्ष मात्र त्यांनी स्वतःच काढला. कारण खोकं परत आलं होतं ते त्यांच्या दारात.

एकदा जाऊबाईंनी बाबाजींना बरोबर पकडलं. त्यांच्या पुढ्यात सुपासाठी चिरून ठेवलेल्या पट्ट्या हिरव्यागार होत्या. "बाबाजी, हा बांबू तर तुमचाही कोवळाच दिसतो!" बाबाजी हसले. सुपाला तोच लागतो म्हणाले. जून बांबूची इतकी पातळ पट्टी निघत नाही, वाकवली की मोडते. मग सुपाला घुण लागत नाही का? लागतो, उशिरा. कारण सूप घरी गेलं की बाई त्याला शेणाने नाहीतर भिजवलेल्या मेथीच्या आणि कागदाच्या लगद्याने सारवते, फटी बुजतात. ते रोज वापरात असतं, झटकलं जातं, आणि चुलीच्या धुरात टांगलेलं असतं. आणि इतकं करून दोन-तीन वर्षांनी ते झिजणारच, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. लॅम्पशेडला ना सारवण, ना धूर. ती एका जागी बंद खोलीत टांगलेली, आणि घेणाऱ्याला वाटतं की ती जन्मभर टिकेल.

म्हणजे कोवळा बांबू ही मुळात चूकच नाही! सुपात ती गरज आहे, शेडमध्ये घात. वस्तू कुठे राहणार, कोण वापरणार, किती वर्षं टिकावी अशी अपेक्षा आहे, हे कळल्याशिवाय 'चूक' हा शब्दच वापरता येत नाही. तरीही आपल्या त्या 'चुका टाळा' याद्यांमध्ये हा प्रश्न मला क्वचितच दिसला आहे.

आणखी एक गोष्ट मला हळूहळू उमगली. बाबाजींना हे सगळं कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. त्यांनी विकलेलं सूप त्याच गावात, फार तर पाच कोसांत राहायचं. वीण सैल पडली तर पुढच्या बाजाराला तीच बाई ते सूप घेऊन उभी राहायची आणि चार माणसांत ऐकवायची. प्रत्येक चूक बनवणाऱ्याकडे परत यायची, आणि तीही कारणासकट, कारण सूप कसं वापरलं हेही ती बाईच सांगायची. वर्षानुवर्षं परत आलेल्या अशा चुका जमत गेल्या आणि त्याला आपण कसब म्हणायला लागलो. आमच्या लॅम्पशेड दुसऱ्या शहरात गेल्या. घेणाऱ्याला बनवणारी दिसत नव्हती, बनवणारीला घेणारा. बावीस परत तरी आल्या. बाकीच्या अठरांचं काय झालं, कुठल्या खोलीत त्या पीठ सांडत आहेत, कुणाला ठाऊक! प्रशिक्षण देणारे तर अकराव्या दिवशी पुढच्या गावाला गेले होते. त्यांच्याकडे ती चूक कधीच पोचली नाही. पुढच्या गावातही त्यांनी ऑगस्टमध्ये तोडलेल्या बांबूवरच शिकवलं असेल, तर त्यात नवल नाही.

हे लिहिताना बुरडांचं सगळं छान चाललंय असं चित्र उभं राहायला नको. बांबू निवडता येणं हीसुद्धा आता चैन झाली आहे. वनखात्याकडून बुरडांना सवलतीच्या दरात बांबू मिळण्याची सोय आहे, पण आगारात जो येईल तो आणि जेव्हा येईल तेव्हा घ्यायचा, बेटात शिरून वाजवून बघायची सोय नाही. १९२७ च्या वन कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं-विकणं सोपं झालं, हे खरं. पण सोपं झालं म्हणून तो पावसाळ्यातही तोडला जातो, हेही आम्ही अनुभवलंच. त्यात बाजारात शेजारच्या दुकानात प्लास्टिकचं सूप टांगलेलं असतं. त्याला घुण लागत नाही, आणि बनवणाऱ्याला कुणी जाबही विचारत नाही. बाबाजींची मुलं हे काम करत नाहीत. त्यांना दोष देण्याचा मला काय अधिकार? मीच तर दहा रुपये कमी करायला सांगत होते.

गट मात्र चालू आहे, लहान प्रमाणात. लॅम्पशेडचं वेड त्यांनी काही काळ बाजूला ठेवलं. बांबू आता थंडीत घेतात, जाऊबाई स्वतः बेटात शिरून वाजवून बघतात. बांबूच्या प्रत्येक खेपेवर तोडल्याचा महिना खडूने लिहितात. आणि एक पद्धत त्यांनी बाबाजींच्या बाजारातल्या त्या भांडणाऱ्या बाईवरूनच काढली. प्रत्येक खेपेतली एक वस्तू विकायची नाही. तिला चिठ्ठी बांधून घरात खुंटीला टांगायची. विकलेली वस्तू परत येवो न येवो, तिची बहीण डोळ्यांसमोर असते. तिला काय होतं ते बघून पुढच्या खेपेत बदल करायचा. एका वस्तूचे पैसे बुडतात, हो. कुरकूर करणाऱ्या बायकाही आहेत. पण मला तरी यापेक्षा चांगली शाळा माहीत नाही.

तुम्ही विणत असाल, शिवत असाल, मातीच्या पणत्या रंगवत असाल, तर काळजीपूर्वक काम कराच. पण पहिल्यांदा केलेल्यातलं एक आपल्याजवळ ठेवा. भेट देऊ नका, विकू नका. सगळ्यांत चांगलं जमलेलं ठेवलंत तर आणखी उत्तम, कारण चूक तिथेच जास्त लपते. त्यावर तारीख लिहा, वापरा, एक पावसाळा जाऊ द्या. आणि मग ते बिघडलंच, तर हाताला बोल लावण्याआधी जरा मागे जाऊन बघा, कापड कुठून आलं होतं, माती कुणी मळली होती, आणि घाई नेमकी कुणाला होती.